तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडं, म्हणजे महाराष्ट्रात, असतो तर म्हातारपण सुखात गेलं असतं का?

कर्नाटकातल्या निपाणीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न चुकत नाही. कोल्हापूरचे पाहुणे लग्नाच्या पंगतीत विचारतात, पुण्याची भाची फोनवर विचारते. मी बँकेतून रिटायर झालेली, शेवटची काही वर्षं पेन्शनवाल्यांचं काउंटर माझ्याकडेच होतं, त्यामुळे गल्लीतले लोकही मलाच धरतात. “मॅडम, तिकडं म्हाताऱ्यांना महिन्याला पंधराशे पेन्शन देतात, आपल्याकडं बाराशे. तिकडं पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट. महाराष्ट्रात गेलो असतो तर म्हाताऱ्यांचं बरं झालं असतं, न्हवं?”

सीमाप्रश्नावर माझं मत आहे, पण ते आत्ता नको. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. पैशाचा हिशेब विचारत असाल तर तो मात्र मी चोख सांगेन.

पुरुष माणूस असेल, पंच्याहत्तरी ओलांडली असेल आणि फिरायची हौस असेल, तर तिकडं बरं. ऑगस्ट 2022 पासून महाराष्ट्राची एसटी त्या वयाच्या माणसाकडून तिकीट घेत नाही. आपल्या कर्नाटकच्या गाडीत साठीनंतर तिकिटात पंचवीस टक्के सूट, बास. तिकडच्या श्रावणबाळ योजनेचे पंधराशे आणि आपल्या संध्या सुरक्षा पेन्शनीचे बाराशे, हेही खरं. पण श्रावणबाळची उत्पन्नाची अट काय आहे ठाऊक आहे? वर्षाला एकवीस हजार. दिवसाचे साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. तेवढ्यात जगणारा माणूस तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढायला कशाच्या जोरावर जात असेल, देव जाणे.

बाई असेल तर मात्र मी म्हणते, इकडंच बरं. पाहुण्यांना हे पटत नाही. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बाईला साध्या गाडीत तिकीटच नाही, मग ती सतराची असो की सत्तरची. त्यावर गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार, तेही वयाच्या वरच्या मर्यादेशिवाय. तिकडच्या लाडक्या बहिणीचे पंधराशे एकवीस ते पासष्ट वयातच. म्हणजे गुडघे बोलायला लागले की बहीण नावडती होते! इकडं गोची वेगळी आहे. दोन हजार मिळतात रेशनकार्डावरच्या यजमानीला, म्हणजे घरच्या कर्त्या बाईला, आणि एका घरात यजमानी एकच. योजना आली तेव्हा सासूचं नाव की सुनेचं, यावरून कितीतरी घरांत चार-चार दिवस अबोला होता. त्या खात्याच्या तेव्हाच्या मंत्री आपल्याच बेळगाव ग्रामीणच्या, त्यांनाही त्यावर बोलावं लागलं. शिवाय हप्ता मागेपुढे होतो, आणि झाला की म्हाताऱ्या बायका मलाच विचारतात, जणू मीच अडवून ठेवलाय.

तर तिकडं-इकडंचा हिशेब एवढाच. काही रुपये या पारड्यात नाहीतर त्या. त्यावर म्हातारपण सुखात गेलं असतं असं मला वाटत नाही, कारण ज्यानं खरा फरक पडतो ते दोन्हीकडं नाही.

मला स्वतःला बँकेची पेन्शन आहे. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये महागाई भत्त्याचा आकडा बदलतो, मी अर्ज करत नाही, कुणाला भेटत नाही, पैसे खात्यावर पडतात. डाळ महागली की थोडा उशिरा का होईना, माझी पेन्शन हलते. 17 डिसेंबर 1982 ला सुप्रीम कोर्टानं नाकरा खटल्यात पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे असं बजावलं, आम्ही पेन्शनर मंडळी दरवर्षी त्या तारखेला जमतो आणि भाषणं ऐकतो. पण त्या निकालाचा आधार आम्हा नोकरदारांना. निराधार वृद्धांच्या पेन्शनीत केंद्राचा वाटा 2007 मध्ये महिना दोनशे रुपये होता, आजही साठ ते एकोणऐंशी वयाला दोनशेच आहे. ऐंशी पूर्ण केली की पाचशे. बाकीचं राज्य घालतं, म्हणून बाराशे होतात. हे बाराशेसुद्धा महागाईबरोबर हलत नाहीत. कुठल्यातरी बजेटमध्ये वाढले तर वाढले.

आता आमच्या गावातली गोष्ट. निपाणी म्हणजे तंबाखू आणि विडी. या गावातल्या कितीतरी बायकांचा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेला. पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे, आणि त्यातही तपासताना छाट निघायची ती वेगळीच. विडी कामगारांना प्रॉव्हिडंट फंड 1977 ला लागू झाला. घरी बसून वळणाऱ्या बाईलाही तो लागू आहे, हे 1985 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं. मग 1995 च्या नोव्हेंबरात ईपीएस, म्हणजे फंडवाल्या कामगारांची पेन्शन आली. दहा वर्षं भरलेली असतील तर पेन्शन बसते.

किती बसते? पगार गुणिले वर्षं, भागिले सत्तर. चार हजार पगार धरा, पंधरा वर्षं धरा, येतात आठशे सत्तावन्न. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन हजार केली म्हणून तिला हजार मिळतात. तेव्हापासून तो आकडा हजारावरच बसलेला आहे. देशभरचे ईपीएसवाले साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता मागताहेत, उपोषणं झाली, मोर्चे झाले. मला विचाराल तर साडेसात हजारांपेक्षा तो ‘वर महागाई भत्ता’ जास्त मोलाचा. साडेसात मिळाले आणि पुन्हा दहा-बारा वर्षं गोठले तर परत उपोषणालाच बसायचं.

आणि याहून वाईट पुढं आहे. संध्या सुरक्षाच्या अटींत लिहिलंय की अर्जदाराला सरकारी किंवा खासगी, दुसरी कुठलीही पेन्शन नको. म्हणजे जिनं विड्या वळून वळून फंड भरला तिला हजार, आणि बाराशेचा अर्ज बाद. जिचा फंड मालकानं कधी भरलाच नाही तिला बाराशे! हे मी काउंटरवर बायकांना समजावून सांगायची आणि सांगताना मलाच लाज वाटायची. एक आक्का म्हणाली, “मग फंड कापला कशाला वं माझा?” मी काय सांगणार.

आणखी एक अट, नवरा-बायकोची मिळून ठेव दहा हजारांवर नको. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका मातीचे पैसे वेगळे ठेवतात. आपलं मर्तिक, दिवस, चार माणसांचं जेवण पोरांच्या अंगावर पडू नये म्हणून. आजच्या भावात दहा हजारांत दिवस तरी होतात का? त्या ठेवीची पावती लपवून ठेवायला शिकवतं हे धोरण.

कागदांचा छळ सीमाभागात दुप्पट. विडी कारखान्याच्या जुन्या वहीत ती लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मव्वा, बँकेत आणखी तिसरंच स्पेलिंग. तिघी एकच, हे सिद्ध करायला तिनं स्टॅम्पपेपर आणायचा. नोटीस कानडीत येते. मी बँकेत राहून कानडी शिकले म्हणून वाचून दाखवते, पण शेजारी वाचणारं कुणी नसेल तर? घटनेच्या 350 व्या कलमात गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय. काउंटरवर मराठी अर्ज पुढं केला की समोरचा कसा बघतो, ते मात्र इथल्या माणसालाच ठाऊक.

पेन्शन चालू राहायला दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचंही तसंच. जन्मभर पान-तंबाखू हाताळून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. मशीनवर अंगठा टेकवायचा, लाल दिवा. पुसून पुन्हा, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा. मागं रांग खोळंबलेली, आणि ती माझ्याकडं अशी बघणार, जणू जिवंत असणं हाच तिचा गुन्हा. 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. ईपीएसवाल्यांना तर इतर पेन्शनरांसारखी नोव्हेंबरचीही सक्ती नाही, ज्या दिवशी द्याल तिथून वर्षभर चालतो. हे कुणी सांगतच नाही, म्हणून नोव्हेंबरात अजून रांगा.

दवाखान्याचं बोलायचं तर निपाणीचं मोठं दुखणं कोल्हापूरला जातं. बेळगाव लांब पडतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट ती. महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, तर कर्नाटकानं हरकत घेतली. दोन्ही सरकारांचं राजकारण मला कळतं. पण ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला कुठल्या राज्याचं कार्ड चालतं याच्याशी काय घेणंदेणं?

तेव्हा मत मागायला येणाऱ्याला मी पंधराशे की बाराशे हे विचारत नाही. माझ्या पेन्शनीला जसा वर्षातून दोनदा भत्ता लागतो तसा विडीवालीच्या हजाराला आणि बाराशेला कायद्यानं लावा, म्हणजे दर निवडणुकीला हात पसरायला नको. ‘दुसरी पेन्शन नको’ ही अट काढा, निदान हजारवालीला वरचे दोनशे तरी द्या. आणि वय झालं की पेन्शन आपोआप सुरू करा. जन्मतारीख आधारवर आहे, उत्पन्न रेशनकार्डावर आहे, खातं बँकेत आहे, तिन्ही सरकारजवळच आहेत. 2022 मध्ये कर्नाटकच्या महसूल खात्यानं, अर्जदारानं फोन केला की 72 तासांत पेन्शन मंजूर करायची योजना काढली होती, म्हणजे मनात आणलं तर होतं. मग फोन तरी त्या म्हातारीनंच का करायचा?

परवा एक कार्यकर्ता हे सगळं ऐकून म्हणाला, “मॅडम, हे जाहीरनाम्यात बसत नाही हो, लोकांना आकडा लागतो.” मी म्हटलं, बसवा, आणि लिहून आणा. कानडीत आणलंत तरी चालेल, मी वाचून दाखवीन.