तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुप परत हातात का घेत नाही

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणीतरी विचारतंच. बैठक उठते, सतरंजी गुंडाळून होते आणि जिन्यात गाठून प्रश्न येतो, "सर, कोरोनात एवढं साहित्य मंडळ तुम्ही एकहाती टिकवलं. आता सगळं सुरळीत आहे, तब्येत चांगली आहे, मग मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप परत हातात का घेत नाही?" मी आजवर तीन उत्तरं दिली. डोळ्यांना मोबाइल सोसत नाही. नव्या पोरांना संधी मिळावी. आता फक्त वाचायचं आहे. तिन्ही खोटी आहेत. खरं उत्तर जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

आधी त्या 'एकहाती'चं बघू. मार्च २०२० मध्ये मंडळाच्या वहीत ७४ नावं होती, त्यातली ६१ व्हॉट्सॲप ग्रुपवर. उरलेल्या तेरा जणांकडं बटणांचे फोन. जानेवारीत आम्ही दोन जीपा करून उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला जाऊन आलो होतो, डोक्यात अजून तेच होतं. १४ मार्चची बैठक परभणीत वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेहमीसारखी झाली. पुढची तारीख ११ एप्रिल. ती आली तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर तेव्हा चारच माणसं मावत. एप्रिल सरता सरता आठ झाली. झूम चाळीस मिनिटांनी तोडायचं. आणि मानवतचे आमचे काका, वय ७८, त्यांना यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. शेवटी साध्या फोनचा कॉन्फरन्स कॉल धरला. पाच-सहा जणांची एक फळी, अशा बारा फळ्या, प्रत्येक फळीला एक म्होरक्या. म्होरक्यानं आपल्या फळीला फोनवर जोडायचं, बटणवाल्यांच्या कविता ऐकून कागदावर उतरवायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, आणि ग्रुपवर आलेलं त्यांना वाचून दाखवायचं. काका एकेक ओळ सांगत आणि स्वल्पविरामसुद्धा तोंडानं म्हणत. एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१, वीस महिन्यांत वीस बैठका झाल्या, एकही चुकली नाही. हे बारा म्होरक्यांचं काम आहे. मी वही ठेवली. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली, नोंद ठेवणं तेवढं येतं. बारांपैकी एक म्होरक्या म्हणजे गंगाखेडच्या ताई. जनाबाईच्या गावच्या, ओव्या लिहिणाऱ्या. घरचं सगळं आवरून रात्री साडेआठला फोन जोडून बसायच्या, त्यांच्या फळीत तीन म्हातारी माणसं होती. ताईंकडं पुढं यायचंच आहे.

आता ग्रुपला लावलेल्या कुलपाचं. एप्रिल २०२० चा पहिला आठवडा तुमच्या लक्षात असेल. दिल्लीच्या तबलिगी मरकजची बातमी आली आणि प्रत्येक ग्रुपवर एकाच तऱ्हेचे व्हिडिओ फिरायला लागले. आमच्याही ग्रुपवर एकानं टाकलं, अमक्यांकडून भाजी घेऊ नका. आमच्यात एक भाई आहेत, शिवणकाम करतात, मराठी गझल लिहितात, मंडळात पंधरा वर्षांपासून. त्यांनी खाली एवढंच लिहिलं, "सर, मी पण त्यांच्यातलाच." त्यावर दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, एकानं आणखी एक व्हिडिओ टाकला. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढून टाकता येण्याची सोय तेव्हा नव्हती, ती २०२२ मध्ये आली. माझ्या हातात एकच बटण होतं. ते मी दाबलं: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. व्हिडिओ टाकणाऱ्या दोघांना फोन करून झापलं. आठवड्यानं ग्रुप उघडला तो नियम लावून. साहित्य सोडून काही नको. सकाळी सातला उघडणार, रात्री नऊला बंद. कुलूप मी रोज हातानं लावायचो, हातानं काढायचो. घड्याळ बघून.

हा नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. तो लावला नसता तर भाई गेले असते, त्यांच्यामागं आणखी दहा जण गेले असते, आणि जे उरलं असतं त्याला मंडळ म्हणायची मला लाज वाटली असती. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी प्रकरणातल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता निकालात बोलून दाखवली. ती बातमी भाईंनी ग्रुपवर टाकली नाही. साहित्य सोडून काही नको, हे सगळ्यांत काटेकोरपणे त्यांनीच पाळलं. त्या वेळी मला याचा अभिमान वाटला होता.

मग वातावरण निवळल्यावर कुलूप काढून का टाकलं नाही? हे मला कुणी विचारत नाही, मीच विचारतो. कारण सांगायला भरपूर होतं. सप्टेंबरात माणसं पटापट जायला लागली, एका निधनामागं चाळीस 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली कुणाची तरी कविता गाडली जायची. मग श्रद्धांजली दिवसातून एकदा, ॲडमिनकडून, असा पोटनियम केला. सगळे म्हणाले, बरं झालं. त्याआधी ८ मेला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघालेली मध्य प्रदेशातली माणसं. तीच लाइन पुढं आमच्या परभणीवरून जाते. त्या दिवशी रात्री नऊच्या आत ग्रुपवर अकरा कविता आल्या, जवळजवळ सगळ्यांत रुळावर सांडलेल्या भाकरी. मला राग आला. रक्त वाळायच्या आत यमक जुळवायचं कशाला? वहीत मी लिहिलं, 'आजच्या कविता नोंदवल्या नाहीत.' कुणाला न विचारता. आता वाटतं, त्या लोकांना दुसरं काय करता येण्यासारखं होतं? घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. मी त्यांचं तेही नोंदवलं नाही.

पण ही झाली सांगायची कारणं. खरं कारण हे की नऊला कुलूप लावल्यावर जी शांतता पडायची, ती मला आवडायला लागली होती.

एप्रिल २०२१. दुसरी लाट कशी होती ते तुम्हाला सांगायची गरज नाही. रात्रीचा फोन म्हणजे एकच बातमी, म्हणून मी पंधरा तारखेपासून फोनचा आवाज बंद करून तो समोरच्या खोलीत चार्जिंगला ठेवत होतो. बायको म्हणाली, "कुणाचं काही अडलं-नडलं तर?" मी म्हणालो, "सकाळी बघू."

१९ एप्रिलला सोमवार होता. रात्री नऊला कुलूप लावलं आणि झोपलो. पहाटे पाच चाळीसला फोन हातात घेतला. ताईंचा मेसेज ११.३८ चा. नवऱ्याचं नाव, वय ४७, ऑक्सिजन ७८, सीटी स्कॅनचा स्कोअर १९. परभणीत एका दवाखान्यात होते. तिथं सांगितलं होतं की सकाळपर्यंत ऑक्सिजन पुरेल की नाही ते सांगता येत नाही, दुसरीकडं सोय होत असेल तर बघा. सगळं नीट लिहिलेलं, जसं त्या म्हाताऱ्यांच्या कविता उतरवून पाठवायच्या तसं, एकही अक्षर चुकलेलं नाही. ११.४१ ला मिस्ड कॉल. ११.५२ ला मेसेज, "सर, ग्रुप उघडा ना." १.१७ ला आणखी एक मिस्ड कॉल. त्यानंतर काही नाही.

मी कुलूप काढलं, मेसेज ग्रुपवर टाकला. पाच चव्वेचाळीस झाले होते. सात मिनिटांत जिंतूरच्या मेडिकल दुकानवाल्याचा फोन आला. मग ज्याचा मेहुणा ॲम्ब्युलन्स चालवतो तो कथालेखक. सहा दहाला निरोप आला, वसमत रोडला ऑक्सिजनचा एक बेड आहे, ताबडतोब आणा. सव्वीस मिनिटं. मी ताईंना फोन लावला. त्यांच्या भावानं उचलला. म्हणाला, "सर, चारलाच गेले."

पुढचे काही दिवस मी काय काय केलं ते लिहितो, कारण तुमच्यातल्या काहींना मी फार भला माणूस वाटतो. पहिल्यांदा मनात आलं, ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर दिसतात की, एकेकाला फोन लावता आला असता. हे मी मनातल्या मनात बोललो आहे. नंतर कळलं, ताईंनी आपल्या फळीतल्या सगळ्यांना लावला होता. तीन म्हाताऱ्यांपैकी दोघांनी उचलला. एक आजी फोनवर रडायला लागल्या, तर ताईच त्यांना समजावत बसल्या. मग मी आमच्यातल्या एकाच्या डॉक्टर मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काका, ऑक्सिजन ७८ असलेल्या माणसाला मध्यरात्री हलवलं असतं तर रस्त्यातच गेले असते." त्या वाक्याचा आधार मी पुष्कळ महिने घेतला. ते खरंही असेल. पण हलवायचं की नाही हे ताईंनी ठरवायचं होतं, आणि ठरवायला समोर एक बेड लागतो. तो मिळायला सव्वीस मिनिटं पुरली.

ग्रुप त्या दिवसापासून उघडा राहिला. मेअखेरपर्यंत तो बेड, प्लाझ्मा, डबे, गाडी याच गोष्टींसाठी चालला. कवितांसाठी फळ्या होत्याच. ८ मेची बैठक झाली, त्यांच्या फळीत ताई नव्हत्या, त्यांच्या जागी त्यांची दहावीतली मुलगी फोन जोडून बसली. "मम्मीनं सांगितलं, आजीची कविता राहून जाईल." जूनच्या बैठकीला ताई स्वतः आल्या, बाकीच्यांचं वाचलं, स्वतःचं काही वाचलं नाही. मला काही बोलल्या नाहीत. आजपर्यंत नाहीत.

बोलले ते भाई. डिसेंबर २०२१ च्या ११ तारखेला खोलीत पहिली बैठक झाली, मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून. मी सगळ्यांसमोर ॲडमिनपण सोडत असल्याचं सांगितलं आणि कारण म्हणून ती रात्र सांगायला घेतली. वाक्याच्या मध्येच म्हणालो, "ते कुलूप भाईंसाठी लावलं होतं." भाई उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत बैठकीत उभं राहून बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, ते गझलही बसूनच वाचतात. म्हणाले, "सर, माझ्यासाठी म्हणता, मला विचारलं होतं का? त्या व्हिडिओवाल्याला मला उत्तर द्यायचं होतं. अर्धा तास बसून लिहिलं. भांडायचं होतं मला त्याच्याशी, माझ्याच मंडळातला माणूस होता तो. टाकायला गेलो तर खाली लिहून आलं, फक्त ॲडमिन." खोलीत कुणी बोललं नाही. ताई खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी भाईंकडं बघितलं आणि मान हलवली, एवढंच.

भाईंनी लिहिलेलं ते उत्तर काय होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळलं तर घ्या की ग्रुप, आणि ठेवा उघडा. मी स्वतःशी हा वाद फार घालतो. २०२० चा मी म्हणतो, कुलूप नसतं तर २०२१ मध्ये ताईंनी हाक मारायला ग्रुपच नसता. ज्या सव्वीस मिनिटांची तू मोजणी करतोस, ती मिनिटंही त्या कुलपानं वाचवलेल्या माणसांची आहेत. हे मला खोडता येत नाही. आणि त्या पहाटेचा मी त्याला म्हणतो, तू माणसं सांभाळत होतास की वही? याचं उत्तर तो देत नाही.

सध्या मानवतच्या काकांची नात ग्रुप बघते. काका गेले, कोरोनानं नाही, नंतर, वयानं. ग्रुपवर आता सुप्रभात असतं, वाढदिवस असतात, गुडघेदुखीचे उपाय असतात. मधूनच कुणी जात-धर्माचं काहीतरी टाकतं, मग दोन दिवस भांडण चालतं, भाई त्यात हिरिरीनं असतात. कविता वर कुठंतरी निघून जाते, शोधावी लागते. माझा अंगठा त्या बटणाच्या जागेकडं अजून जातो, फक्त मी ॲडमिन नसल्यामुळं तिथं बटण नसतं. म्हणून मी ग्रुप घेत नाही. मला माझा भरवसा नाही. बैठकीच्या सतरंज्या घालतो, वही लिहितो. रात्री फोन उशाशी असतो, आवाज चालू असतो.

बाकीच्यांना मी ती तीन उत्तरं देत राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात जिन्यात ताईंनीच विचारलं. हातात भाचीच्या लग्नाची पत्रिका होती, ती दिली आणि सहज म्हणाल्या, "सर, काकांच्या नातीची नोकरी लागली म्हणतात, तिला वेळ होईना. ग्रुप परत तुम्हीच बघा ना." मी पत्रिका उलटसुलट करत राहिलो. तोंडातून शब्द फुटला नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि खाली उतरून गेल्या. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिलं.