तिसरा आठवडा: शिरोड्याचं पाणी आणि ९ व्होल्टची बॅटरी

या खेपेला शिरोड्याच्या किनाऱ्यावरून बाटलीभर पाणी आणलं, फडक्यातून गाळलं. जुन्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या, ९ व्होल्टची बॅटरी आणि उघडी पडवी. पाण्यातून वीज सोडली की कोणत्या कांडीवर काय सुटेल, हा अंदाज आधी वहीत लिहायचा, मगच तारा जोडायच्या.

ऋणाग्राचा, म्हणजे बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेल्या कांडीचा, अंदाज सोपा. कोण किती सहज इलेक्ट्रॉन घेतो ते व्होल्टमध्ये सांगणाऱ्या तक्त्यात सोडियमचा आकडा उणे २.७१, पाण्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. हायड्रोजन येणार, आला.

धनाग्रापाशी, म्हणजे अधिक टोकाच्या कांडीपाशी, अडलो. तक्त्यात ऑक्सिजनला १.२३ व्होल्ट, क्लोरीनला १.३६. उदासीन पाण्यात तर ऑक्सिजनचा आकडा ०.८२ वर उतरतो. धनाग्रावर कमी आकड्याचं आधी सुटतं, म्हणून 'ऑक्सिजन' लिहिलं. थोड्याच वेळात पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला. जास्वंदीच्या रसात रंगवलेली ओली कागदपट्टी धनाग्रावर धरली, ती पांढरी पडली. क्लोरीनच!

हे का, यावर दोन संध्याकाळी गेल्या, पण काय समाधान मिळालं! तक्ता सांगतो तो किमान भाव. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन निघावे लागतात. कार्बनवर ही क्रिया रेंगाळते आणि वर जादा व्होल्टेज मागते. क्लोरीनचं दोन इलेक्ट्रॉनांत भागतं. शिवाय समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास असतं. तेच पाणी विहिरीच्या पाण्याने खूप पातळ केलं, तेव्हा वास फारच कमी झाला.

ऋणाग्राभोवती पांढरा गढूळपणा जमला. आधी मीठच वाटलं, पण मीठ पाण्यात विरघळलं असतं. गाळ वेगळा काढून तीनचारदा धुतला, मग त्यावर व्हिनेगर टाकलं, विरघळला. समुद्रातल्या मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड असणार. (गाळ न धुता आम्ल घालू नका, त्या पाण्यातून क्लोरीन उसळतो.)

घरात सुपारीवर फवारायच्या बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद (कॉपर सल्फेट) होतं, तेही पाण्यात विरघळवून लावलं. तांब्याचा आकडा अधिक ०.३४, त्यामुळे ऋणाग्रावर लाल थर, धनाग्रावर ऑक्सिजन, निळा रंग फिकट. सगळं अंदाजाप्रमाणे.

पुढच्या आठवड्यात धनाग्राला कार्बनऐवजी तांब्याची तार. वहीत लिहून ठेवलंय: बुडबुडे नाहीत, तार झिजेल, निळा रंग तसाच राहील.