लॅपटॉपचा लेहरा : रेड रॉक्सवर ऐकलेले बिग जायगँटिक

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मंचीय कार्यक्रमावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. सगळे नाद आधी स्टुडिओत घडवून संगणकात साठवलेले असतील, तर मंचावर उभा असलेला कलाकार नेमके काय करतो? बेस म्युझिकच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण या संगीताचा प्राण असलेला खर्जातला नाद कुणी हाताने किंवा श्वासाने वाजवत नाही. सिंथेसायझरच्या लहरीवर नादातला काही भाग गाळणारा फिल्टर चढवून आणि त्या फिल्टरला लयीत उघडझाप करायला लावून तो घडवलेला असतो. बिग जायगँटिक या जोडीला अमेरिकेतल्या रेड रॉक्सच्या खुल्या रंगमंचावर ऐकल्यापासून या आक्षेपाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले, आणि ते का, हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

बिग जायगँटिक म्हणजे सॅक्सोफोन वाजवणारा आणि रचना घडवणारा डॉमिनिक लाली, आणि ड्रमवादक जेरेमी साल्केन. २००८ च्या सुमारास कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात ही जोडी जमली. लालीचे शिक्षण न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधले, जॅझचे; बोल्डरच्याच द मोटेट या फंक बँडमध्येही तो सॅक्सोफोन वाजवत असे. वाद्यावर हात बसलेला माणूस नंतर संगणकाकडे वळला आहे, हे त्याच्या रचना ऐकताना सतत जाणवते. मंचावर दोघेच असतात: लॅपटॉप, कीबोर्ड आणि टेनर सॅक्सोफोन घेऊन लाली, आणि पूर्ण ड्रमसंचामागे साल्केन. २०१२ साली त्यांनी रेड रॉक्सवर रावडीटाउन नावाचा स्वतःचा कार्यक्रम सुरू केला, आणि डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या आमच्यासारख्यांना सप्टेंबर उजाडला की त्याचे वेध लागू लागले.

जागेविषयी थोडे सांगायला हवे, कारण या अनुभवातला मोठा वाटा तिचाच आहे. डेन्व्हरच्या पश्चिमेला, मॉरिसन गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६,४५० फुटांवर तांबड्या वालुकाश्माचे दोन प्रचंड कातळ उभे आहेत; प्रत्येकाची उंची साधारण ३०० फूट. त्यांच्या मधल्या उतारावर वास्तुविशारद बर्नहॅम हॉइट यांनी पायऱ्यापायऱ्यांची बैठक बसवली आणि १९४१ मध्ये हा रंगमंच खुला झाला. सुमारे साडेनऊ हजार माणसे इथे बसतात. वरच्या रांगांमधून खाली मंच दिसतो आणि मंचापलीकडे, पूर्वेला, सपाटीवर पसरलेले डेन्व्हरचे दिवे. माझ्यासोबत सांगलीहून आलेला माझा धाकटा भाऊ होता. तो हार्मोनियम वाजवतो, तबलावादकांना लेहरा, म्हणजे साथीचे फिरते आवर्तन, धरतो, आणि असा कार्यक्रम त्याने याआधी कधीच ऐकलेला नव्हता.

पहिला खर्ज सुटला तेव्हा कानांच्या आधी तळहातांना कळले. आम्ही बसलो होतो ते बाक लाकडी फळ्यांचे आहेत. मी दोन्ही हात टेकवून पुढे वाकले होते, आणि फळीतून एक सलग थरथर मनगटापर्यंत चढली. मग ती बरगड्यांत आली, आणि त्यानंतर, असे वाटावे इतक्या सावकाश, तो नाद आहे हे लक्षात आले. यामागचे कारण सरळ आहे. चाळीस हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांच्या, आसपासच्या स्वराची एकेक लहर साडेआठ मीटर लांबीची असते, आणि आपले कान इतक्या खालच्या स्वरांना फार मंदपणे प्रतिसाद देतात. म्हणून तो मधल्या पट्टीतल्या स्वराइतका मोठा ऐकू यावा यासाठी हवा कितीतरी पटींनी अधिक जोराने हलवावी लागते. ती हलणारी हवा मग छातीलाही हलवते. घरच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून ते आवडत नाही असे ठरवणाऱ्यांनी त्याचा खालचा अर्धा भाग ऐकलेलाच नसतो, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

त्यातून ही जागा उघड्यावरची. बंद सभागृहात खर्ज भिंतींवर आपटून परत येतो आणि एखाद्या कोपऱ्यात दाटतो, तर दुसरीकडे पोकळ होतो. इथे डोक्यावर छत नाही आणि ते कातळ एकमेकांना समांतर नाहीत, त्यामुळे खर्ज येतो, लागतो आणि निघून जातो. दोन ठोक्यांमधली शांतता खरोखर शांत राहते, आणि डबस्टेप या खर्जप्रधान इलेक्ट्रॉनिक प्रकाराच्या घडणीत त्या शांततेला ठोक्याइतकेच महत्त्व आहे.

पहिल्या काही रचना झाल्यावर भाऊ माझ्या कानाशी ओरडला, “ताई, पेटीवाल्याचं काम मशीन करतंय, एवढंच!” त्या एका वाक्याने मला सगळा कार्यक्रम ऐकण्याची किल्ली मिळाली. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम किंवा सारंगी सोळा मात्रांचे एकच आवर्तन तासभर फिरवत राहते. लेहरा बदलत नाही म्हणून त्या वादनाला कुणी खोटे म्हणत नाही. उलट तो ढळत नाही म्हणूनच तबलजीला कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, पसरता येतो, लय दुगुणीत नेता येते आणि तिहाई (तीनदा घेतलेला बोल) घेऊन नेमके समेवर येता येते. लालीच्या लॅपटॉपमधला खर्ज हा असाच लेहरा आहे. तो आधीच ठरलेला आहे, आणि जे दोघे त्यावर वाजवतात त्यांना चुकायला पूर्ण वाव आहे.

साल्केनकडे मी त्यानंतर याच कानाने लक्ष दिले. डबस्टेपची गती मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास असते, पण स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि ऐकणाऱ्याला लय निम्मी, म्हणजे सत्तरची वाटते. खालचा खर्ज ठाय लयीत डुलत असताना साल्केन हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, दुगुण धरत होता, मध्येच दोन्ही हात आवरून फक्त किकवर, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर, येत होता, आणि ड्रॉपच्या, म्हणजे खर्ज पूर्ण जोराने कोसळतो त्या क्षणाच्या, आधीच्या भरण्यात मात्रा अशा तोडत होता की सम कुठे आहे हे क्षणभर हातातून निसटावे. यंत्र त्याच्यासाठी थांबणार नाही. केसभर उशीर झाला असता तरी त्याचा किक आणि लॅपटॉपमधला किक दोन वेगळे ठोके म्हणून ऐकू आले असते, आणि इतक्या मोठ्या आवाजात ते लपले नसते. मला ते दोन ठोके कुठेच वेगळे ऐकू आले नाहीत.

सॅक्सोफोनची अडचण वेगळी आणि मला अधिक रोचक वाटली. टेनर सॅक्सोफोनचा सर्वांत खालचा स्वर १०४ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे खर्जाची जी पट्टी जमीन हलवते तिच्या बऱ्याच वर. त्यामुळे दोघांची टक्कर होत नाही. मधली जागा मोकळी सोडली की सॅक्सोफोन तिथे स्वच्छ उभा राहतो, आणि लालीने आपल्या रचना तशा जागा राखूनच बांधलेल्या आहेत. पण सप्टेंबरअखेर रेड रॉक्सवर सूर्य गेल्यावर गारठा झपाट्याने वाढतो, आणि थंड हवेत कुठल्याही फुंकवाद्याचा सूर उतरतो. लॅपटॉपचा सूर मात्र उतरत नाही. एका रचनेत बराच वेळ सॅक्सोफोनला काम नव्हते, तेव्हा लाली ते तोंडाशी धरून स्वर न काढता नुसती ऊब आत फुंकत होता. मग त्याने एक लांब स्वर धरला, तो किंचित खालून वर चढवत खर्जाच्या सुराला नेऊन भिडवला, आणि तिथून जॅझच्या वळणाची एक लांबलचक फिरत घेतली जी ध्वनिमुद्रणात कुठेच नाही. साथीचे आवर्तन ती फिरत संपेपर्यंत चालू राहिले. सबंध संध्याकाळीतले तेच मला सर्वांत मोलाचे वाटले.

सगळेच या तोलाचे नव्हते. २०१६ नंतरच्या त्यांच्या रचनांत पाहुण्या गायकांचे आवाज पुष्कळ आहेत, आणि गायक मंचावर नसताना ते आवाज स्पीकरमधून येऊ लागले की दोन्ही वादकांची जागा आक्रसते. गायनाचे शब्द ठरलेले, त्यांचा काळ ठरलेला. त्यावर फार काही रचता येत नाही. साडेनऊ हजार माणसे अशाच वेळी सर्वांत मोठ्याने गात होती, हेही खरे आहे, आणि त्यांचा आनंद मला दिसत होता. तरीही मला त्या भागात लेहरा आणि गाणे यांतला फरक स्पष्ट जाणवला, आणि ही जोडी शब्दांवाचून अधिक उंचीवर जाते असे माझे ठाम मत झाले.

या खर्जाचा दुसरा परिणाम पायथ्याच्या मॉरिसन गावाने सोसला आहे. लांब लहरी कातळांना वळसा घालून खाली उतरतात आणि रात्री घरांत शिरतात. रहिवाशांच्या तक्रारींनंतर, रंगमंचाची मालकी असलेल्या डेन्व्हर शहराने एकूण आवाजाबरोबरच खालच्या स्वरांसाठी स्वतंत्र मर्यादा घातली. मला ती रास्त वाटते. मर्यादेच्या आतही माझा बाक थरथरत होता आणि काही उणे राहिले असे वाटले नाही.

कुणी जाणार असेल तर मधल्या रांगांमध्ये, ध्वनिसंयोजकाच्या टेबलाच्या जवळपास बसावे, कारण तो जे ऐकून तोल साधतो तेच आपल्यालाही तिथे ऐकू येते. कानांत बोळे जरूर घालावेत, पण साध्या फोमचे नकोत. ते वरचे स्वर जास्त आणि खालचे कमी अडवतात, त्यामुळे खर्ज तसाच राहतो आणि सॅक्सोफोन झाकोळून जातो; वादक वापरतात ते गाळणीचे बोळे सगळे स्वर जवळपास सारखेच उतरवतात.