कोबा वाळेना आणि ठेकेदार ऐकेना

नव्या घराच्या फरश्या, रंग, दारं सगळं वेळेत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते कपडे धुण्याच्या खोलीत आणि कोठीत. दोन्हीकडे ठेकेदाराने नुसता कोबा घालून ठेवला होता. हात फिरवला की तळव्याला पांढरट भुकटी. झाडू मारावा तर सुपलीभर धूळ, आणि उद्या पुन्हा तेवढीच.

फरशी मला नकोच होती. फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून उंची वाढते, मग दार तासावं लागतं आणि जाळीकडे दिलेला उतारही बिघडतो. म्हणून धुण्याच्या खोलीत इपॉक्सी रंग, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणारा रंग, द्यायचं ठरवलं. डबे आले, रंगारी तयार. वाळत नव्हता तो कोबा.

ठेकेदाराचं पालुपद एकच: "वरून पांढरा पडलाय ना, म्हणजे वाळला." अहो, वरून तो पांढरा पडतोच! आतलं पाणी सावकाश वर येत राहतं, ते दिसत नाही. सिमेंट-वाळूच्या कोब्याला चांगली हवा असेल तर जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण एक दिवस लागतो, तोही ५० मिलिमीटरपर्यंत. त्यापुढच्या जाडीला वेळ त्याहून जास्त. आमच्याकडे पाइप झाकायचे म्हणून थर चांगला जाड घातलेला, आणि खोलीला खिडकी इवलीशी.

मग त्याने दुसरा हुकमी पत्ता काढला. "२८ दिवस कधीच झाले." हे ऐकून माझं डोकंच फिरलं. २८ दिवस हा काँक्रीटची ताकद तपासायचा ठोकताळा आहे, वाळण्याचा नव्हे. ताकद यायला आत पाणी लागतं, वाळायला ते बाहेर जावं लागतं. या दोन गोष्टींची गल्लत बांधकामावर सर्रास चालते.

शेवटी वाद बंद केला आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचा हात-दीड हात चौकोनी तुकडा कोब्यावर ठेवून चारी कडा टेपने पक्क्या बंद केल्या. निदान १६ तास तसाच ठेवायचा. उचलला तर आतल्या बाजूला बारीक थेंब, आणि खाली कोब्यावर नेमका तेवढाच काळपट चौकोन. ठेकेदाराने थेंबावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "हवेतला दमटपणा असेल." हवेतला, आणि टेपने बंद केलेल्या प्लास्टिकच्या आत!

त्याने गॅसचा हीटर लावायचंही सुचवलं. लावू नका. गॅस जळताना वाफच तयार होते, आणि कोबा घाईने तापवला तर कडा उचलतात, तडे जातात. पंखा आणि उघडं दार बरं. पण बाहेरची हवाच दमट असेल तर खिडक्या बंद करून आर्द्रता शोषणारं यंत्र लावावं. ओल अडवणाऱ्या कुठल्याही थराआधी आकड्यात खात्री हवी असेल तर कोब्यावर बंद डबीत आर्द्रतामापक ठेवून बघतात. आकडा ७५ टक्क्यांच्या वर असेपर्यंत थांबायचं. मी थांबलो. चिडचिड करत, पण थांबलो. ओल्यावर इपॉक्सी दिला की खालच्या ओलीने फोड येतात आणि मग पोपडे निघतात. तेव्हा ठेकेदार फोन उचलत नसतो.

पुढचं काम भराभर झालं. भुकटी सुटणारा वरचा कच्चा थर ग्राइंडरने काढला, व्हॅक्यूमने धूळ ओढून घेतली. ती धूळ फुफ्फुसाला वाईट, धुळीसाठीचाच मास्क हवा. मग पाण्याचे थेंब टाकून पाहिले. जिरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर वर तेल किंवा क्युरिंगचं (कोब्यातलं पाणी लवकर उडू नये म्हणून मारलेलं) रसायन आहे, आणखी घासा.

रंग आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळायचे, लागेल तेवढेच. मिसळलेला रंग डब्यात तसाच ठेवला तर तापतो आणि घट्ट होतो. दुसरा हात डब्यावर दिलेल्या तासांच्या आतच द्यावा. वेळ टळली तर आधी पॉलिश पेपर मारावा लागतो. साबणाच्या पाण्यावर पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर बारीक सिलिका वाळू भुरभुरवून घेतली. रंग भिंतीवरही चार बोटं चढवला, म्हणजे कोपऱ्यात पाणी मुरत नाही. हे खरं तर सुरुवातीलाच रंगाऱ्याला सांगून ठेवावं, नाहीतर तो बरोबर कोपऱ्यापाशी थांबतो.

कोठीत रंग दिलाच नाही. तिथे पाणी सांडत नाही, मग कशाला? सिलिकेटचं पातळ हार्डनर मारलं. ते कोब्यात मुरून वरचा थर घट्ट करतं, भुकटी थांबते, आणि कोब्यातली ओल कोंडली जात नाही. दिसायला कोबा तसाच करडा, पण मला तो आवडतो.

चालण्याजोगा झाला तरी इपॉक्सी पुरता पक्का व्हायला साधारण आठवडा लागतो. वॉशिंग मशीन त्यानंतरच आत घ्या, तेही दोघांनी उचलून. आणणारी माणसं ते ओढतच आणतात, म्हणून आधी दारात उभं राहा.