चाळीस जणांची यादी आणि मागची बाग

बेसबॉलमधल्या ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जुलैअखेरीच्या सुमारास संपते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. गोव्यात हा खेळ पाहणारे मोजके, पण त्या रात्री तेही मोबाइल घेऊन जागे राहतात. कोण गेला, कोण आला, जनरल मॅनेजरने (जीएम, म्हणजे संघ बांधणारा) संघाचं भविष्य विकलं का, यावर सकाळपर्यंत वाद चालतो. माझं म्हणणं असं की फार्म सिस्टीमचं भलंबुरं समजून घ्यायचं असेल तर जुलैपेक्षा नोव्हेंबर नीट पाहायला हवा. जुलैतले बरेचसे निर्णयही नोव्हेंबरच्या धाकानेच झालेले असतात.

आधी फार्म म्हणजे काय ते थोडक्यात. ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्ससाठी ही पद्धत उभी केली. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे पुरत नव्हते, तेव्हा खालच्या लीगमधले क्लब हाताशी धरून आपले खेळाडू आपणच वाढवायचे असं त्यांनी ठरवलं. १९२६ मध्ये कार्डिनल्सनी आपली पहिली वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, जिंकली. आज प्रत्येक संघाच्या खाली चार पायऱ्या आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२१ च्या फेररचनेनंतर ३० संघांचे मिळून असे १२० क्लब उरले. त्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातले नवशिक्यांचे संघ, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग.

आपल्याला हे समजायला कुळागर पुरेसं आहे. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. सोळा वर्षांचा डॉमिनिकन मुलगा करारबद्ध केला तर तो मोठ्या मैदानावर दिसायलाही साधारण तितकाच काळ लागतो, तोही दिसला तर. जुनी पोफळ मोडायच्या आधीच तिच्या शेजारी नवं रोप लागलेलं असावं लागतं, आणि रोपाला ऊन लागू नये म्हणून मध्ये केळ लावतात. चांगला जीएम स्वस्तातला, एका वर्षाच्या करारावरचा अनुभवी खेळाडू असाच आणतो. तो जागा धरून ठेवतो, मागच्या पोराला पिकायला वेळ मिळतो. हंगाम बरा गेला तर जुलैत त्यालाच देऊन दोन नवी रोपं आणता येतात.

आता मुख्य गोष्ट. संघाच्या हक्काची यादी ४० जणांची. प्रत्यक्ष खेळणारे २६ जण तिच्यातूनच येतात, आणि त्या ४० बाहेरचा फार्ममधला खेळाडू कायम सुरक्षित नसतो. वयाच्या अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्याला पाच हंगामांत, एकोणीस किंवा त्यापुढे झालेल्याला चार हंगामांत या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं, तर डिसेंबरच्या ‘रूल ५’ ड्राफ्टमध्ये दुसरा कुठलाही संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. अट एकच: उचलणाऱ्याने त्याला पुढचा पूर्ण हंगाम २६ जणांत ठेवायचं. जमलं नाही तर मूळ संघाला पन्नास हजारांत परत देऊ करायचं.

यादीत नावं घालण्याची शेवटची तारीख नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास येते, आणि नेमकी तेव्हाच जागेची टंचाई असते. हंगामात ६० दिवसांच्या दुखापत यादीवर गेलेला खेळाडू चाळिसात धरला जात नाही. वर्ल्ड सीरिज संपली की तो परत मोजावा लागतो. ऑगस्टमध्ये ज्या जीएमकडे चार जागा मोकळ्या दिसत होत्या, त्याच्याकडे नोव्हेंबरात एकही उरत नाही. मग तिशी ओलांडलेला राखीव पिचर (सामन्याच्या उत्तरार्धात चेंडू टाकायला येणारा) ठेवायचा की डबल-ए मधला बावीस वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), हे एका आठवड्यात ठरवावं लागतं.

चुकलं तर काय होतं ते पिट्सबर्ग पायरेट्सनी २००३ मध्ये पाहिलं. त्या डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमधल्या पहिल्या सहा निवडींपैकी पाच खेळाडू त्यांच्याच फार्ममधले होते. त्यातला एक होसे बाउतिस्ता. २००४ च्या एकाच हंगामात तो मोठ्या लीगमध्ये चार वेगवेगळ्या संघांकडून खेळला आणि फिरून पायरेट्सकडेच आला. परत मिळाला म्हणून नुकसान झालं नाही असं म्हणता येत नाही. ज्या वयात रोज चार वेळा बॅटिंगला उभं राहायचं, त्या वयात तो बाकावर बसून राहिला. पुढे २०१० मध्ये टोरंटोसाठी त्याने ५४ होम रन मारले.

उलट बाजूने, क्लीव्हलँडने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकाच दिवशी ११ पोरांना यादीत घेतलं. त्यात २०१८ च्या नेहमीच्या ड्राफ्टमधला (शाळा-कॉलेजातले नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात तो) स्टीव्हन क्वान होता. पुढच्या एप्रिलमध्ये तो पहिल्याच सामन्यापासून मैदानात दिसला.

मग सगळ्यांना लवकर यादीत का घेत नाहीत? कारण ‘ऑप्शन’चं घड्याळ. यादीतल्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायला तीन हंगामांची मुभा असते, आणि किमान २० दिवस खाली काढले की एक हंगाम खर्ची पडतो. पोरगा अजून कच्चा असताना घाईने यादीत घेतला तर तिन्ही ऑप्शन तो शिकत असतानाच संपतात. चौथ्या वर्षी त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या २९ संघांसमोर ठेवावं लागतं, आणि तेव्हा कुणीही हात घालू शकतो.

आता जुलैच्या ट्रेडकडे पुन्हा बघा. येत्या नोव्हेंबरात ज्यांना जागा देता येणार नाही असे तीन खेळाडू देऊन एक चांगला पिचर घेतला, तर जीएमने भविष्य विकलं असं मी म्हणणार नाही. ते असेही हातचे जाणार होते. विकणाऱ्या संघाने मात्र अगदी लहान पोरं मागावीत, कारण ती कित्येक वर्षं चाळिसातली जागा खात नाहीत. जून २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी जेम्स शील्ड्स या पिचरसाठी सॅन डिएगोला सतरा वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर दिला. तोवर तो एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. २०२१ मध्ये ४२ होम रन मारून तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला.

जागा अडलेली असते तेव्हाही अशीच चूक होते. ऑगस्ट १९९० मध्ये बोस्टनकडे तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज होता, म्हणून मागचा जेफ बॅगवेल त्यांना जास्तीचा वाटला. लॅरी अँडरसन या राखीव पिचरच्या बदल्यात तो ह्यूस्टनला गेला. अँडरसनने बोस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या आणि त्याच हिवाळ्यात तो दुसरीकडे गेला. ह्यूस्टनने बॅगवेलला पहिल्या बेसवर हलवलं. ४४९ होम रन, २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम. अडलेल्या पोराची जागा बदलून पाहणं हे ट्रेडच्या आधीचं काम आहे, आणि ते राहिलं की किंमत अशी मोजावी लागते.

ड्राफ्टमध्ये कुणाला निवडलं याइतकंच पैसे कसे वाटले हेही मोलाचं. पहिल्या दहा फेऱ्यांसाठी प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम असते. ती ओलांडली तर जास्तीच्या रकमेवर ७५ टक्के कर, आणि ५ टक्क्यांहून पुढे गेलं तर पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडही जाते. २०१२ मध्ये ह्यूस्टनचे जीएम जेफ लुनाउ यांनी पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला ४८ लाख डॉलरला घेतलं. त्या जागेची ठरलेली रक्कम ७२ लाख होती. वाचलेल्या पैशातून ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅककलर्स ज्युनियरला २५ लाख देता आले. नाहीतर त्याने कॉलेजची वाट धरली असती. २०१७ च्या विजेत्या संघात दोघेही होते. मोठा फ्री एजंट (करारातून मोकळा झालेला खेळाडू) आणताना निवड गमावली तर तिच्यासोबतची रक्कमही जाते, आणि असे डाव मग खेळता येत नाहीत. आकर्षक कराराची ही बाजू बातमीत क्वचितच येते.

वर बोलावण्याच्या वेळेबद्दल एवढंच: मोठ्या लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. २०१५ मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला एप्रिलच्या मध्यावर वर आणलं, त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने क्लबला आणखी एक वर्ष मिळालं. मला हे कधीच पटलेलं नाही. संघमालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारानंतर उत्तम नवोदिताला पहिल्याच दिवसापासून खेळवणाऱ्या संघाला जादा ड्राफ्ट निवड मिळू शकते, म्हणून आता निदान दुसऱ्या पारड्यातही काही वजन आहे.

अमेरिकेतल्या फार्ममध्ये २०२४ पासून एका संघाला हंगामात १६५ खेळाडूच ठेवता येतात. दर जुलैत ड्राफ्टमधून वीसेक नवे आले की तितकेच जुने सोडावे लागतात. कोचांची संख्या कमी केलेल्या संघात ही छाटणी आकडे बघून होते, कारण खांदा दुखत असताना टाकलेले वाईट महिने आणि खरंच संपलेला पिचर यांतला फरक सांगणारा माणूसच त्या गावी उरलेला नसतो.

दिवाळीनंतर आपल्या आवडत्या संघाची यादी उघडा. चाळिसातले किती भरलेत ते मोजा, दुखापतीतून परतणारे मिळवा, ऑप्शन संपलेले वेगळे काढा. मग चार-पाच वर्षांपूर्वी करार झालेल्यांपैकी कोण अजून बाहेर आहे ते शोधा. बाहेरच्यांत ट्रिपल-ए मधला, ताशी ९५ मैलांनी टाकणारा राखीव पिचर असेल तर त्याची आधी काळजी करा. सिंगल-ए मधल्या पोराला वर्षभर २६ जणांत लपवणं अवघड असतं, राखीव पिचरला सातव्या इनिंगमध्ये हरत्या सामन्यात टाकत वर्ष काढता येतं. डिसेंबरात म्हणूनच असे पिचर जास्त उचलले जातात.