तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडं तुम्हाला करमतं कसं?

पुण्याला नातेवाइकांकडे गेलो की जेवणं उरकल्यावर कोणी ना कोणी विचारतंच. ताडोबा बघायला आलेले पाहुणे विचारतात. बदलीवर आलेले साहेब पहिल्याच आठवड्यात विचारतात, कारण त्यांना स्वतःची काळजी असते. "तिकडं तुम्हाला करमतं कसं हो?" कधी या प्रश्नाला पुढे जोडही असते. धानाला भाव नाही, जंगलात वाघ, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, आणि तुम्ही लोक रात्र-रात्र जागून नाटकं बघता, भजनं म्हणता. हे जमतं कसं?

विचारणारे आपुलकीनं विचारतात, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं.

माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या बाजूला. धानाच्या बांध्या, एक मामा तलाव म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आणि त्याच्या पाळीवरून उतरलं की जंगल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा हा पूर्वेकडचा भाग मिळून झाडीपट्टी होते. मी शेती करतो आणि गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. इथं करमणूक कोणी आयती आणून देत नाही. ती गावानं मिळून उभी करावी लागते, वर्गणी काढून, सतरंज्या उसन्या आणून, एकमेकांच्या दारात जाऊन. म्हणून तिला आम्ही फावल्या वेळातली गोष्ट समजत नाही. रोवण्याची तारीख ठरते तितक्याच गांभीर्यानं नाटकाची तारीख ठरते.

नाटकापासूनच सांगतो. धान चुरून घरात आलं की लोकांचे डोळे वडसाकडे लागतात. सरकारी कागदावर देसाईगंज, आमच्या तोंडी वडसा. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं हे गाव. दिवाळीनंतर गावोगावचे मंडळवाले तिथं जाऊन कंपनी ठरवतात, आणि होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात पडदा वर जातो. रिक्षावर भोंगा बांधून आजूबाजूच्या गावांत पुकारा होतो. जाहिरातीत कुंकू, सौभाग्य, सूड, लेकीची माया यांतलं काहीतरी असतंच. ज्या गावात नाटक त्या गावात घरोघर पाहुणे. लेकी-जावई येतात, चुलत-मावस सगळे येतात, आणि उपवर मुला-मुलींच्या घरचे एकमेकांना बघून घेतात. कितीतरी सोयरिकींची पहिली बोलणी नाटकाच्या निमित्तानं झालेली मला माहीत आहेत.

पडदा वर जायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात आणि संपेपर्यंत उजाडायला येतं. खाली तणस पसरलेली, तिच्यावर सतरंजी, अंगावर घोंगडी. आता पुढे खुर्च्याही असतात, पण माझी जागा वाजवणाऱ्यांच्या जवळ. रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गन, तबला, हल्ली ऑक्टोपॅडही. ऑर्गनवाल्याकडे बघत बसणं हा माझा खरा आनंद. त्याची नजर सुरांच्या पट्ट्यांवर नसते, नटाच्या तोंडावर असते. नट वाक्य विसरला की तो हळूच एक सूर धरून ठेवतो. प्रेक्षकांना वाटतं, प्रसंगच तसा भारी आहे. नटाला तेवढ्या श्वासात वाक्य आठवतं, आणि सूर जसा आला तसा निघून जातो. पाचशे-हजार लोकांत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक असते. ती तिसऱ्याला, म्हणजे मला, कळली की मी त्या रात्रीपुरता धन्य होतो. बाहेरचे लोक या नाटकांना भडक म्हणतात. भडक असतात, मान्य. पण पौष महिन्याच्या थंडीत पहाटे चारला एवढं गाव जागं ठेवायचं तर आवाज चढाच लागतो, आणि विनोदही मागच्या रांगेपर्यंत पोचेल असाच लागतो. या रंगभूमीवर आयुष्य घातलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या चौकात चहा फुकट वाटला गेला. दुसऱ्या कुठल्या पद्म पुरस्काराला आमच्याकडे चहा वाटल्याचं मला आठवत नाही.

दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक ही जुनी जोडी. बैलांच्या शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली होती, 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सशर्त परवानगी दिली तसे पट उघडपणे भरू लागले, आणि 2023 मध्ये न्यायालयानं राज्याचा कायदाही ग्राह्य धरला. मला मात्र पटापेक्षा नाटक प्यारं. बैलाला टोचलेलं मला बघवत नाही.

नाटक हंगामाचं, भजन बारमाही. विदर्भातल्या खेड्यात संध्याकाळी खंजरीचा आवाज आला नाही तर चुकल्यासारखं होतं. ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची देणगी. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला 1909 मध्ये त्यांचा जन्म झाला, 1968 मध्ये ते गेले, आणि मधल्या काळात त्यांनी खंजरी हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली. आमच्या चिमूर भागावर तर त्यांचा विशेष जीव. सामुदायिक प्रार्थनेनंतर आमचं मंडळ बसतं. लाकडाचं कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेला खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या, एवढाच खंजरीचा संसार. ओल धरली की चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग शेकोटीजवळ धरून तिला तापवायचं. तापवताना अधूनमधून बोटानं टिचकी मारून बघायचं, सूर चढत चढत पेटीच्या पट्टीला आला की लगेच मागे घ्यायचं. पाच-सहा जण आगीभोवती उकिडवे बसून आपापली खंजरी तापवताहेत, प्रत्येकीचा सूर वेगळ्या वेळी जागेवर येतो आहे, हे भजनाआधीचं संगीत मला भजनाइतकंच आवडतं. आता फायबरच्या खंजऱ्या निघाल्या आहेत, त्यांना हे काही लागत नाही. सोय झाली खरी, पण माझं मत चामड्याच्याच बाजूनं.

माघ सरता सरता आमच्या अंगणातल्या उंबरावर तांबट बोलू लागतो. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल ठिपका, अगदी वरच्या वाळक्या फांदीवर बसणार आणि टुक्, टुक्, टुक् असा ठेका धरणार. गंमत म्हणजे तो चोच मिटूनच गातो, गळा तेवढा फुगतो. डोकं इकडून तिकडे फिरवतो म्हणून आवाज कधी जवळून येतो, कधी तलावापलीकडून आल्यासारखा वाटतो. आमच्या मंडळातला एक पोट्टा त्याच्या ठेक्यावर खंजरी धरतो. तांबट लय सोडत नाही, पोट्ट्याचा हातच आधी दमतो. एकदा बांधीवरून येणाऱ्या काकाजींनी हे बघितलं, डोक्यावरचा भारा तसाच ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "का जी, बराबर चाललं ना?" आणि पोट्टा हरेपर्यंत हलले नाहीत.

पळसाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात आवरतो. लांबून जंगल पेटल्यासारखं दिसतं ते ठीकच, पण फूल हातात घेऊन बघा. ज्या पेल्यातून ते निघतं तो काळपट तपकिरी असतो आणि बोट फिरवलं तर मऊ लव लागते. सकाळी झाडाखाली उभं राहिलं तर मैना, बुलबुल, शिंजीर यांचं भांडण ऐकू येतं, कारण प्रत्येकाला त्यातला मध हवा असतो. पोरं फुलं वेचून आणतात आणि होळीच्या आदल्या दिवशी पाण्यात घालतात. पिवळाकेशरी रंग उतरतो. होळीला शेणाच्या चाकोल्यांची माळ आणि लहानग्यांच्या गळ्यात साखरेची गाठी. गाठी धूळवडीच्या दुपारपर्यंत टिकली तर ते पोर शहाणं समजायचं.

आणि मोह. मला विचाराल तर आमचा वसंत मोहाच्या झाडाखाली आहे. फुलं गळायला लागली की पहाटे गाव उठतं. बहुतेक घरांची झाडं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली लावत नाही. रात्री वटवाघळं येऊन गेलेली असतात. अंधारात झाडाजवळ पोचलं की आधी वास येतो, गोड आणि जड, आणि मग आवाज. एकेक फूल वाळक्या पानांवर पडतं, टप्, थोडं थांबून पुन्हा टप्. उजाडलं की जमीन पांढुरकी दिसते. फूल म्हणजे रसानं भरलेला बोटाच्या पेराएवढा पोकळ गोळा. त्यातला लांब तंतू झाडावरच राहतो आणि गोळा तेवढा सुटून येतो, म्हणून त्याला आरपार भोक असतं. पोरं ते डोळ्याला लावून एकमेकांकडे बघतात. मीही बघतो. सगळं दुधाळ, गोल आणि जरा हललेलं दिसतं.

वेचताना बायका मोठ्यानं बोलतात, गाणी म्हणतात, या झाडाखालची त्या झाडाखालचीला हाक देते. त्यात मौज आहेच, पण ती नुसती मौज नाही. आमच्या भागात मोह वेचायला गेलेल्यांवर वाघानं हल्ला केल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणते सांगतात. म्हणून एकटं जायचं नाही, वाकून फार वेळ राहायचं नाही आणि आवाज थांबू द्यायचा नाही. एखादीचं गाणं तोडकं असलं तरी तिला कोणी थांबवत नाही. एक गोष्ट मात्र मी जाईन तिथं बोलतो: फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवू नका. त्या आगी पसरतात आणि जंगल जळतं. जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात. वेचलेली फुलं अंगणात वाळत घातली की लालसर तपकिरी होतात. ती भाजून कुटून लाडू करतात. पुढे फळं आली की बियांचं टोरीचं तेल.

चैतात लग्नसराई, आणि मग पत्रिका वाचण्याचा आनंद. आमच्याकडच्या पत्रिका बारकाईनं वाचाव्यात. वर गणपती किंवा बुद्ध, बाजूला तुकडोजी महाराज किंवा बाबासाहेब, आणि खाली नावांची फौज. आजोबा, काका, मामा, मावसे, मित्रमंडळी, आणि कोपऱ्यात चिल्ल्यापिल्ल्यांचा आग्रह, ज्यात पाळण्यातल्या बाळाचंही नाव असतं. संध्याकाळी ओट्यावर एकजण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे प्रत्येक नावावर थांबवतात. हा कोण, तो कुठला, त्याची बायको आपल्या अमक्याची मावसबहीण ना? एका पत्रिकेला तासभर पुरतो. कोणाचं नाव वगळलं गेलं हेही तिथंच लक्षात येतं, आणि रुसवा काढायला कोणी जायचं तेही तिथंच ठरतं. डीजेबद्दल मात्र मला काही चांगलं बोलता येणार नाही. तो आला की वाजवणारे सगळे हात रिकामे होतात.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण तो टाळला तर उत्तर अर्धं राहील. दुःख आमच्याकडे कमी नाही. पाऊस हुकतो, धानावरचा सरकारी बोनस अडकतो, कर्ज फिटत नाही, जंगलात गेलेलं माणूस कधी परत येत नाही. गावात कोणी गेलं की ठरलेलं नाटकसुद्धा पुढे ढकलतात. आणि त्या घरी रात्री भजन मंडळ बसतं. तीच खंजरी, तीच पेटी, त्याच सतरंज्या. आम्ही रात्रभर म्हणतो, घरच्यांनी म्हटलं नाही तरी चालतं, त्यांनी नुसतं बसावं. ज्या मंडळानं आनंदात कधी एकत्र वाजवलंच नाही ते अशा रात्री सुरात कसं बसेल? तालीम त्या हसण्याखेळण्याच्या संध्याकाळींनीच झालेली असते. आणि वर्ष सरून पुन्हा नाटकाचे दिवस आले की मंडळाची दोन माणसं त्या घरी मुद्दाम बोलवायला जातात. पहिल्या बोलावण्याला नाही म्हणतात. आम्ही परत जातो. "मागं बसा, पण या," असं सांगून येतो. रात्री पडदा वर गेल्यावर मी वळून मागच्या रांगेत बघतो, आलेत का. आले असले की पुढचं नाटक मी मन लावून बघतो.

तर असं करमतं. खात्री करायची असेल तर होळीच्या आठ दिवस आधी या. हंगामातली शेवटची नाटकं सापडतील, पळस भरात असेल आणि नशीब असलं तर मोहही गळायला लागलेला असेल. नागभीडपर्यंत रेल्वे आहे, पुढे एसटी, आणि एसटी चुकली तर मी गाडी घेऊन येतो. पहाटे गारवा असतो, पांघरूण आणा. मोहाला आमच्याबरोबरच निघायचं, एकट्यानं नाही. आणि घरात कोणाला पेटी वाजवता येत असेल तर त्यांना नक्की घेऊन या, कारण मंडळाकडे दुसरी पेटी आहे, वाजवणारा नाही.