चूक कोणाच्या नावावर?

क्लायंटचा मेल तीन ओळींचा होता. आइस हॉकीतला बचावपटू एरिक कार्लसन याचे दोन हंगाम शेजारी ठेवा, 2022-23 चा सॅन होजे शार्क्सकडचा आणि 2023-24 चा पिट्सबर्ग पेंग्विन्सकडचा, आणि त्याच्या चुका बाजूला काढून द्या. पहिल्या हंगामात 82 सामन्यांत 101 पॉइंट (गोल आणि गोलला कारणीभूत पास, दोन्ही धरून), दुसऱ्यात तितक्याच सामन्यांत 56. ‘खेळात सातत्य नाही’ हे निदान मेलमध्ये आधीच लिहिलेलं होतं. आम्ही फक्त पुरावे जोडायचे.

आइस हॉकीच्या व्हिडिओतली पकची, म्हणजे रबरी चकतीची, प्रत्येक हालचाल कोणी केली, कुठून केली, कशी केली आणि पुढे काय झालं, या रकान्यांत बसवणं हे आमचं काम. तेही पुण्यात बसून. पिट्सबर्गचा संध्याकाळचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, सॅन होजेचा सकाळी नऊला. हे काम जुन्या फुटेजचं असल्यामुळे दिवसपाळीत आलं, नाहीतर झोपेचं खोबरं ठरलेलं. लोकांना वाटतं आम्ही गोल मोजतो. गोल मोजायला आमची गरजच नाही. आमचा वेळ खाणारी गोष्ट म्हणजे बचावपटूने आपल्या गोलमागून पक उचलून आपल्या झोनबाहेर (मैदानाच्या आपल्याकडच्या भागाबाहेर) कसा काढला, याची नोंद. स्वतः घेऊन गेला, पास दिला, की काचेवर आपटून नुसता बाहेर ढकलला? बहुतेक बचावपटूंची ही नोंद झटपट होते, कारण ते सगळं सोपं करून टाकतात. कार्लसनची होत नाही.

त्याचं काय होतं ते सांगते. पक मागच्या कोपऱ्यात जातो, विरोधी फॉरवर्ड पाठीवर. सामान्य बचावपटू खांद्यावरून एकदा बघतो आणि कडेने पक सोडून देतो. कार्लसन उजवीकडे जाणार असं भासवतो, अंग वळवतो आणि डावीकडून निघतो. फॉरवर्ड सुटला की समोर दोन पर्याय उघडतात. एक, जवळच्या विंगरला दहा फुटांचा पास. दुसरा, पन्नास फूट लांबीचा मधला झोन अख्खा ओलांडून समोरच्या ब्लू लाइनपाशी (विरोधी झोन जिथून सुरू होतो ती रेषा) उभ्या असलेल्या खेळाडूला लांब पास. पहिला पास नव्वद टक्के लोक देतात. दुसरा त्याचा. तो पोचला तर गोलरक्षकासमोर एकटा माणूस उभा राहतो, अडला तर आपले तीन खेळाडू चुकीच्या दिशेने तोंड करून धावत असतात. आमच्या मॅन्युअलमध्ये यशस्वी लांब पासला आणि यशस्वी दहा फुटांच्या पासला एकच खूण आहे, ‘नियंत्रित एक्झिट’. फसला तरीही दोन्हींना एकच, ‘गिव्हअवे’, म्हणजे पक हातचा घालवला. जोखमीला रकानाच नाही. मी हे दर तिमाहीच्या बैठकीत बोलते, आणि दर वेळी ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ हे ऐकून येते.

अधिकृत आकडे तरी वापरा म्हणाल, तर एनएचएल या लीगचा गिव्हअवेचा आकडा रिंकनुसार बदलतो. प्रत्येक शहरात मोजणारा माणूस वेगळा आणि त्याचा हात सैल की घट्ट, तेही वेगळं. म्हणूनच लोक आमच्याकडे येतात. आमचाही हात सैल-घट्ट असतो, हे मेलमध्ये कोणी विचारत नाही.

आता भूमिकेचं. कार्लसन उजव्या हाताचा. संघात सहा बचावपटू तीन जोड्यांत खेळतात. उजव्या हाताचा माणूस उजवीकडे असला की कडेने आलेला पक त्याला फोरहँडवर मिळतो. डावीकडे टाकला की तोच पक बॅकहँडवर थांबवावा लागतो, अर्धा सेकंद जातो, आणि त्या अर्ध्या सेकंदात समोरचा अंगावर येतो. म्हणजे चांगल्या उजव्या हाताच्या दोघांना एकत्र खेळवणं महाग. दोघं दोन जोड्यांत विभागले जातात, आणि खरी ओढाताण होते ती पॉवर प्लेमध्ये. विरोधी खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसलेला, आपण पाच, ते चार. हल्ली बहुतेक संघ तिथे 1-3-1 मांडतात: गोलसमोर एक, मध्ये तिघं आडवे, वर ब्लू लाइनवर एक. ती वरची जागा एकच असते. एका संघात दोन यष्टिरक्षक घेतले, तर ग्लोव्ह्ज एकाच्याच हातात जाणार. दुसरा कितीही गुणी असला तरी सीमारेषेवर धावतो.

कार्लसनच्या वाट्याला हे दोनदा आलं. सप्टेंबर 2018 मध्ये तो ओटावाहून सॅन होजेला आला तेव्हा तिथे ब्रेंट बर्न्स होता. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी कार्लसनला 2012 आणि 2015 मध्ये मिळालेली, बर्न्सला 2017 मध्ये. दोघंही उजव्या हाताचे, पण जात वेगळी. बर्न्स साडेसहा फुटांच्या आसपासचा, पूर्वी फॉरवर्ड खेळलेला, ब्लू लाइनवरून शॉटमागून शॉट मारणारा. 2016-17 मध्ये त्याने 29 गोल केले होते. कार्लसन पक घेऊन खाली उतरणारा, पास शोधणारा. 2018-19 मध्ये बर्न्सचे 83 पॉइंट, कार्लसनचे 53 सामन्यांत 45, त्यात गोल फक्त 3. पुढच्या तीन हंगामांत 56 सामन्यांत 40, 52 मध्ये 22, 50 मध्ये 35. सामन्यांचे आकडे बघा, दुखापतीही त्यातच दिसतात (2020-21 चा हंगाम कोविडमुळे सर्वांसाठीच 56 सामन्यांचा होता). जांघेची दुखापत होतीच. त्याआधी 2013 मध्ये टाचेमागची धोंडशीर (अकिलीस टेंडन) स्केटच्या पात्याने कापली गेली होती. वळून निसटणं हेच ज्याचं भांडवल, त्याच्या घोट्याला आणि जांघेला काही झालं की खेळाची घडी विस्कटणारच. जुलै 2022 मध्ये बर्न्स कॅरोलायनाला गेला. त्यानंतरचाच हंगाम 101 चा. कोणत्याही बचावपटूने शंभरी गाठली त्याला तीस वर्षं झाली होती, 1991-92 मध्ये ब्रायन लीचने 102 केले तेव्हापासून. तिसरी नॉरिसही आली.

मग ऑगस्ट 2023 मध्ये पिट्सबर्ग. तिथे क्रिस लेटँग, पुन्हा उजव्या हाताचा, सिडनी क्रॉस्बी आणि येव्हगेनी माल्किन यांच्याबरोबर दीड दशकाहून जास्त खेळलेला. त्या दोघांना पक कुठे लागतो हे लेटँगला न बघता माहीत. आणि पॉइंट 56. हे एवढं कागदावर मांडलं की कोणीही म्हणेल, वाटेकरी आला की हा माणूस ढेपाळतो. क्लायंटचंही तेच म्हणणं, आमच्या टीम लीड सरांचंही तेच. मलाही पहिल्या दिवशी हे गणित पटण्यासारखं वाटलं, इतकं ते सरळ आहे.

अडलो आम्ही एका क्लिपवर. पिट्सबर्गचा पॉवर प्ले. पक उजव्या बाजूच्या कठड्यापाशी, तिथून वर कार्लसनला पास. वरच्या माणसाने पक घेतला की त्याला दोन्ही बाजूंना तिरके पास खुले हवेत, नाहीतर अख्खी मांडणी मोडते. बचाव करणाऱ्या चौघांपैकी वरचा फॉरवर्ड स्टिक लांब करून उजवा पास झाकून उभा. कार्लसन ब्लू लाइनवरून दोन पावलं डावीकडे सरकतो, थांबतो, परत उजवीकडे देतो. पास त्या स्टिकला लागतो, पक रेषेबाहेर उडतो आणि तो फॉरवर्ड एकटाच उलट्या दिशेने सुटतो. गोलरक्षकाने अडवला म्हणून निभावलं. आमच्या मुलाने खूण केली: गिव्हअवे, कार्लसन, गंभीर. तपासणीत सरांनी टिकमार्क केला.

मी क्लिप तीन सेकंद मागे नेली. डावीकडे बरफावर आखलेल्या वर्तुळात कोणीच नव्हतं. त्या जागेवरचा खेळाडू रिबाउंडसाठी (गोलरक्षकावरून उसळून येणाऱ्या पकसाठी) गोलकडे घसरला होता. म्हणजे कार्लसन डावीकडे सरकला तो पास द्यायला आणि पाहतो तर पत्त्यावर माणूस नाही. उजव्या हाताच्या पासरला डावीकडचं वर्तुळ फार महत्त्वाचं असतं. तिथे उजव्या हाताचा नेमबाज उभा असेल तर पास न थांबवता थेट मारता येतो, आणि म्हणूनच बचाव करणाऱ्याला तिकडे एक पाऊल सरकावं लागतं. ते पाऊल पडलं की उजवा पास मोकळा. वर्तुळ रिकामं असेल तर तो कशाला हलेल? तो आरामात एकच पास झाकून उभा राहतो.

“अगं, पण पक कोणाच्या स्टिकवरून गेला?” सर म्हणाले.

“कार्लसनच्या, सर.”

“मग झालं. आपण इरादे टॅग करत नाही.”

सरांचं म्हणणं नियमाला धरून होतं, आणि नियम नसेल तर दहा कोडर दहा प्रकारे लिहितील हेही खरं. तरी मी त्या प्रकारच्या सगळ्या क्लिप पुन्हा लावल्या. पॉवर प्लेची 120 सेकंदं असतात आणि पहिली फळी (पाच जणांचा पहिला गट) त्यातला मोठा हिस्सा खाते. पक एकदा रेषेबाहेर गेला की सर्वांना बाहेर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं, त्यात वीस सेकंद सहज जातात. दोनदा गेला की फळी बदलायची वेळ. दुसऱ्या फळीला उरतं ते उष्टं. पिट्सबर्गमध्ये आत शिरण्यावरच घोळ दिसतो. मधल्या झोनपर्यंत एकाने पक आणायचा आणि मागून वेगाने येणाऱ्याला सोडायचा, हा ठरलेला डाव. आणायचा कोणी आणि मागून यायचं कोणी, हे पक्कं असेल तर बरफावर दिसतं. इथे दोन-तीन माणसांना आणणारा व्हायची आयुष्यभराची सवय. कार्लसन सॅन होजेत तो निर्णय एकटा घेत होता. इथे तो अर्धा क्षण थांबून बघतो, आणि तो थांबला की मागून येणारा ब्लू लाइनवर ब्रेक मारतो. त्या हंगामात पिट्सबर्गचा पॉवर प्ले 15.3 टक्के होता (म्हणजे शंभरातल्या तितक्याच संधींवर गोल), 32 संघांत 30वा. गुणतक्त्यातल्या तीन गुणांनी प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हुकलं.

इथवर येऊन मला वाटलं, रिपोर्टचं सूत्र सापडलं. मग सॅन होजेचा हंगाम नीट चाळला आणि सूत्र सुटलं. 101 पैकी बहुतांश पॉइंट पॉवर प्लेचे नाहीतच, ते पाच विरुद्ध पाचमधले आहेत. वरची खुर्ची वाटून घ्यावी लागली हे कारण असेल, तर तिथे घट का दिसावी? पिट्सबर्गमध्ये लेटँग वेगळ्या जोडीत होता. कार्लसनच्या शेजारी बराच काळ मार्कस पेटरसन, डाव्या हाताचा, शांत, मागे थांबणारा. असा जोडीदार मागून घ्यावा. बरफावरचा वेळही सॅन होजेच्या तुलनेत फार घटला नव्हता.

याचं उत्तर स्कोअरबोर्डच्या रकान्यात सापडलं, निदान अर्धं तरी. 2022-23 चा शार्क्स संघ 82 पैकी 22 सामने जिंकला. म्हणजे हा माणूस बहुतेक वेळ पिछाडीवरच्या संघात खेळत होता. आघाडीवरचा संघ मागे सरकतो, ब्लू लाइनपाशी मोकळीक देतो, आणि पिछाडीवरच्या संघाच्या बचावपटूने वर चढावं असं प्रशिक्षकालाही वाटतं. प्रशिक्षक डेव्हिड क्विन यांनी त्याला मुभा दिली होती, फुटेजमध्ये तो चौथा फॉरवर्ड असल्यासारखा विरोधी गोलमागे सापडतो. त्याची किंमतही तिथेच लिहिली आहे: प्लस-मायनस (तो बरफावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक, पॉवर प्लेचे गोल सोडून) उणे 26. नुसतं ते बघून त्याला मोडीत काढणारे आहेत आणि नुसते 101 बघून डोक्यावर घेणारे. दोघांनीही सलग वीस मिनिटं फुटेज पाहिलेलं नसतं. पिट्सबर्गमध्ये तोच खेळाडू आघाडी राखायच्या सामन्यांतही बरफावर होता. तिथे तीच मुभा घेतली तर ती चूक ठरते, आणि न घेतली तर ‘पूर्वीसारखा दिसत नाही’. मेलमधलं ‘सातत्य नाही’ यातल्या कोणत्या रकान्यात टाकायचं?

त्यातही सगळं त्याला माफ करावं असं मी म्हणत नाही. काही क्लिपमध्ये वर्तुळात माणूस आहे, पास मोकळा आहे, आणि तरी तो तिसऱ्यांदा गुंगारा द्यायला जातो. पक गेल्यावर परत येताना दोन पावलं आळशीही असतात. अशा क्लिप मी स्वतः ‘गंभीर’ केल्या. पण त्या आणि वरची क्लिप एकाच ढिगाऱ्यात होत्या, त्यावर माझा आक्षेप.

2024 च्या उन्हाळ्यात तेच क्विन पिट्सबर्गला सहायक प्रशिक्षक म्हणून आले. पुढच्या हंगामात तिथला पॉवर प्ले 25 टक्क्यांच्या वर गेला. कार्लसनचे पॉइंट 53. आधीपेक्षा तीन कमी. म्हणजे संघाने ती वाटणी शिकून घेतली आणि त्याच्या खात्यात त्यातलं काही जमा झालं नाही. हा हंगाम आमच्या ऑर्डरमध्ये नव्हता, मी आपला घरी बसून पाहिला.

रिपोर्ट गेला तो मूळ टॅगसह, माझी टीप शेवटच्या पानावर. क्लायंटने लाल-हिरव्या रंगातला तक्ता मागितला, तो दिला. नव्या मॅन्युअलमध्ये मात्र एक पर्याय आला आहे, ‘पासची जागा रिकामी’. तो निवडला की सॉफ्टवेअर विचारतं, कोणाची जागा? नाव भरल्याशिवाय पुढची क्लिप उघडत नाही. गोलकडे घसरलेल्या माणसाचं नाव टाकायचं की त्याला तिकडे पाठवणाऱ्या प्रशिक्षकाचं, यावर सरांचं आणि माझं अजून चाललेलं आहे. प्रशिक्षकांची यादी त्या ड्रॉपडाउनमध्ये नाहीच.